मिक्सिंगचं मशीन नवं, कॅसेटी जुन्या

गेल्या वैशाखात अमळनेरातल्याच एका घरचं लग्न होतं. हळदीच्या आदल्या दिवशी नवरदेवाची आई दुकानात आली आणि पिशवीतून चार मिनी डीव्ही कॅसेटी काढून टेबलावर ठेवल्या. "भाऊ, याच्या जावळाच्या आहेत. २००४ च्या. यात त्याचे आजोबा आहेत, तेवढं रिसेप्शनला पडद्यावर दाखवा."

त्यातल्या तीन मीच शूट केलेल्या. पॅनासोनिकचा एमडी १०००० कपाटात होता, बॅटरी मेलेली पण अडॅप्टरवर चालणारा. कॅमेऱ्यातून कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची फायरवायरची केबल ड्रॉवरमध्ये होती. पण मिक्सिंगचं मशीन, म्हणजे ज्यावर शूटिंग कापून-जोडून तयार करतो तो कॉम्प्युटर, महिन्यापूर्वीच नवं केलेलं, आणि त्याच्या पाठीमागे ती केबल खुपसायला भोकच नव्हतं. माझ्याकडच्या पोऱ्याने मागून वाकून बघितलं आणि विचारलं, "दादा, आते काय करानं?"

जुनं मशीन मी साडूच्या खताच्या दुकानात बिलं करायला देऊन टाकलं होतं. रात्री साडेनऊला मोटारसायकलवर मांडीत धरून ते परत आणलं, पुसलं, चालू केलं आणि पहाटे तीनपर्यंत कॅप्चर करत, म्हणजे कॅसेटी मशीनमध्ये उतरवत बसलो. मशीन बदलायच्या आधी दोन तास डोकं लावलं असतं तर ती रात्र वाचली असती. पुढचं सगळं त्या दोन तासांत काय करायचं त्याबद्दल आहे. तुमचा स्टुडिओ चोपड्याला असो, शहाद्याला असो की साक्रीला, गोष्टी त्याच.

पाठीमागचा फोटो

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "बजेट किती?" तो प्रश्न दुसरा. पहिला हा, की तुमच्या जुन्या मशीनला मागून-पुढून काय काय लटकलेलं आहे?

कॅबिनेट भिंतीपासून ओढा, टॉर्च लावा आणि मोबाइलने मागचा फोटो काढा. मग एकेका वायरीचं दुसरं टोक कुठे जातं ते वहीत लिहा. माझ्या वहीत असं निघालं: फायरवायर (कॅमेरा), व्हीजीए (दुसरा मॉनिटर), पीएस-टू (कीबोर्ड), यूएसबी डोंगल, आत चार साटा हार्ड डिस्क आणि एक डीव्हीडी रायटर, शिवाय एक जुनं पीसीआय कॅप्चर कार्ड. प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहायची: गेल्या वर्षभरात हे किती वेळा लागलं? कीबोर्ड, मॉनिटर बदलता येतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका. ज्याच्याशिवाय पार्टीचं काम अडतं त्याच्याभोवती लाल गोल करा. माझ्याकडे लाल गोल तीनच उरले: फायरवायर, जुन्या हार्ड डिस्क आणि जुने प्रोजेक्ट.

पीसीआय कार्डाचं तिथेच मिटलं. जुना, लांबोडका, पांढरा पीसीआय स्लॉट आजच्या बहुतेक मदरबोर्डवर येतच नाही. पीसीआय एक्सप्रेस हे नावाने भाऊ वाटतं, पण दोघांचं एकमेकांत बसत नाही. असं कार्ड नव्या मशीनमध्ये न्यायच्या भानगडीत पडू नका.

कॅसेटींचीही यादी करा. साधी डीव्ही, एचडीव्ही आणि डीव्हीकॅम या तिन्ही दिसायला सारख्याच. सोनीच्या एचडी १००० वर चढवलेली एचडीव्ही कॅसेट एमडी १०००० मध्ये दिसणार नाही. पीडी १७० वर डीव्हीकॅममध्ये शूट केलं असेल तर ६० मिनिटांच्या कॅसेटीत ४० मिनिटंच असतात, आणि ती साध्या हँडीकॅममध्ये चालेलच असं नाही. कॅसेटीच्या कडेला 'एलपी' (लाँग प्ले, टेप हळू फिरवून जास्त वेळ चढवणं) लिहिलेलं असेल तर ज्या कॅमेऱ्यावर चढवली त्याच कॅमेऱ्यावर ती नीट वाजण्याची शक्यता जास्त. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

जुनं मशीन चालू आहे तोवर

माझ्या मते या कामातला सर्वांत मोठा भाग हाच, आणि तोच सगळे गाळतात. नवं मशीन आलं की जुन्यातली डिस्क काढून त्यात लावू, झालं काम, असं वाटतं. तसं होत नाही.

एक, रेड. जुन्या बोर्डावर दोन डिस्क जोडून एकच मोठी डिस्क केलेली असेल, तर ती जोडी त्या बोर्डाच्या कंट्रोलरने बांधलेली असते. नव्या बोर्डावर त्या दोन डिस्क अनोळखी म्हणून दिसू शकतात, आणि विंडोज विचारतं, "इनिशियलाइज करू का?" घाईत 'ओके' दाबलं की पुढची रडारड ठरलेली. खोलायच्या आधी डेटा तिसऱ्या डिस्कवर उतरवा.

दोन, ड्राइव्हची अक्षरं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर एडियस असो वा प्रीमियर, जुना प्रोजेक्ट क्लिप शोधतो ती पूर्ण पत्त्याने. 'एफ' ड्राइव्ह, अमुक फोल्डर, तमुक फाइल. नव्या मशीनवर तीच डिस्क 'एच' झाली की टाइमलाइनवर सगळं लाल किंवा चौकटी-चौकटी. जुन्या मशीनवर कोणती डिस्क कोणतं अक्षर, ते स्केचपेनने डिस्कच्याच अंगावर लिहा. नव्या मशीनमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडून तेच अक्षर द्या. पाच मिनिटांचं काम आहे, शेकडो क्लिपा एकेक करून दाखवत बसावं लागत नाही.

तीन, जे प्रोजेक्ट अजून जिवंत आहेत ते एका फोल्डरात गोळा करा. एडियसमध्ये 'कन्सॉलिडेट प्रोजेक्ट' आहे, प्रीमियरमध्ये 'प्रोजेक्ट मॅनेजर'. जे प्रोजेक्ट मेले आहेत, म्हणजे पार्टीने पैसे देऊन आल्बम-पेनड्राइव्ह नेला, त्यांचा एकच पूर्ण आऊटपुट ठेवा आणि प्रोजेक्ट सोडून द्या. नव्या आवृत्तीत जुना प्रोजेक्ट बहुधा उघडतो, पण एकदा तिथे सेव्ह केला की जुन्या मशीनवर परत उघडत नाही. म्हणून कॉपी करूनच उघडा.

आणि चौथी गोष्ट फॉन्ट. यावर थोडं थांबतो, कारण इंग्रजीतल्या कुठल्याही व्हिडिओत हे कुणी सांगणार नाही.

आपण दहा-पंधरा वर्षांपूर्वी जी मराठी टायटलं केली ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणाऱ्या पद्धतीत, नाहीत. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असल्या फॉन्टांत केलेली आहेत. त्यांत अक्षर मराठी दिसतं, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी कीबोर्डचं अक्षर. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तो प्रोजेक्ट उघडला की 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मी एका पार्टीसमोर उघडलं. नवरीच्या नावाच्या जागी काय आलं ते सांगत नाही, मुलीचे मामा मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले.

त्यामुळे जुन्या मशीनच्या विंडोज फोल्डरातला पूर्ण फॉन्ट फोल्डर उचला. काही टायपिंग पॅकेजला लॉक असायचं, ते नव्या विंडोजवर चालेल याची खात्री धरू नका. जी टायटलं वर्षानुवर्षं वापरता ती जुन्या मशीनवरच पारदर्शक पार्श्वभूमीसह पीएनजी किंवा टीजीएमध्ये काढून ठेवा: गणपतीचं, 'शुभविवाह', कुलदैवत, तुमच्या स्टुडिओचं नाव. चित्राला फॉन्ट लागत नाही. आणि नवीन काम आजपासून युनिकोडमध्येच करा.

प्लगइनचंही (सॉफ्टवेअरला जोडायच्या इफेक्टच्या पुरवण्या) तेच. बाजारात मिळणारे तयार साँग प्रोजेक्ट व्हिटासीन, हेरोग्लिफ असल्या प्लगइनांवर उभे असतात. ज्या आवृत्तीवर केले त्याची इन्स्टॉल फाइल आणि सीरियल नंबर तुमच्याकडे असेल तरच ते नव्या मशीनवर तसेच दिसतील. सॉफ्टवेअरला डीॲक्टिव्हेट करायची सोय असेल तर खोलायच्या आधी करा, नंतर मशीनच उरलं नाही तर कुठून करणार?

नवं मशीन: कुठे अडकायला होतं

आता बजेट. मी भाव लिहीत नाही, रोज बदलतात. फसायच्या जागा तेवढ्या सांगतो.

पहिली जागा म्हणजे इंटेल प्रोसेसरच्या नावापुढचं 'एफ'. १२४०० आणि १२४०० एफ यांत दुकानदार म्हणतो फरक काहीच नाही, एफ स्वस्त आहे, घ्या. फरक आहे. एफमध्ये आतलं ग्राफिक्स बंद असतं, म्हणजे व्हिडिओ उलगडायला मदत करणारं क्विक सिंक नाही. आपल्याकडे आता सोनीचे ए७ मार्क ४, एफएक्स ३० असे कॅमेरे आलेत. त्यांवर १० बिट ४:२:२ मध्ये (रंग जास्त टिपणारी पद्धत) एच.२६५ (फाइल फार दाबून छोटी करणारी पद्धत) शूट केलं की ती फाइल टाइमलाइनवर उलगडायला फार जड. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनचं आतलं ग्राफिक्स हे काम हार्डवेअरवर करतं. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून आली, त्याआधीच्यांत नाही. म्हणजे आरटीएक्स ३०६० लावलेल्या एफवाल्या मशीनवर ही फाइल अडखळते, आणि कार्डच न लावलेल्या साध्या १२४०० वर पळते. लोकांना हे पटत नाही, दाखवावं लागतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं की काही बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात; बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन ते चालू करा.

सगळं शूटिंग अजून ८ बिट एच.२६४ मध्येच असेल तर या भानगडीची धास्ती नको. पण एफमध्ये वाचणारे पैसे इतके थोडे आहेत की तो धोका पत्करण्यात अर्थ नाही.

दुसरी जागा रॅम. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे चढले, त्यात हिशेबच बदलला. जुन्या मशीनमध्ये डीडीआर ४ च्या दोन चांगल्या पट्ट्या असतील तर त्या टाकून देऊ नका. इंटेलच्या १२, १३, १४ व्या पिढीचे बोर्ड डीडीआर ४ आणि डीडीआर ५ अशा दोन्ही जातींत येतात. नावात 'डी४' बघून घ्या. एएमडीचा एएम ५ आणि इंटेलचा त्यापुढचा सॉकेट मात्र फक्त डीडीआर ५ घेतो. मशीन डीडीआर ३ चं असेल तर ती रॅम कुठेच जात नाही.

१३ वी किंवा १४ वी पिढी घेत असाल तर विंडोज टाकायच्या आधी बायॉस ताजं करायला सांगा. या पिढ्यांच्या वरच्या प्रोसेसरांना जास्त व्होल्टेज जाऊन ते अस्थिर होत होते. इंटेलने २०२४ मध्ये त्यावर दुरुस्ती काढली आणि वॉरंटीही दोन वर्षं वाढवली. दुरुस्ती बायॉसमधून येते, आणि दुकानात पडून असलेल्या बोर्डात जुनं बायॉस असू शकतं.

तिसरी जागा, आणि आपल्या विषयाची खरी गोम: बोर्डावरचे स्लॉट. फायरवायर कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या छोट्या एक्स-१ स्लॉटमध्ये बसतं. छोटं कार्ड मोठ्या स्लॉटमध्येही चालतं, त्यामुळे एक्स-४ रिकामा असला तरी भागेल. अडचण वेगळीच येते. ग्राफिक्स कार्ड इतकं जाड असतं की खालचा एक्स-१ स्लॉट त्याच्या पोटाखाली झाकला जातो. कागदावर स्लॉट आहे, हाताला लागत नाही. म्हणून बारका मायक्रो बोर्ड न घेता पूर्ण आकाराचा एटीएक्स घ्या, आणि बोर्डाचा फोटो बघून ग्राफिक्स कार्डाखालची दोन भोकं सोडून पुढे काय उरतं ते मोजा. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये असेंबल करून घेणार असाल तर फायरवायर कार्ड खिशात घेऊनच जा, आणि समोर बसवून बघा.

साटाची भोकं मोजा. आता बरेच बोर्ड चारच देतात, आणि काहींवर एम.२ ची (पट्टीसारख्या एनव्हीएमई डिस्कची) एक जागा भरली की साटाचं एक भोक मरतं. बोर्डाच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. सिस्टिम आणि चालू काम एनव्हीएमईवर, जुन्या डिस्क साटावर, एवढी विभागणी पुरते. त्याहून जुन्या, रुंद पट्टीच्या आयडीई डिस्क असतील तर यूएसबी कन्व्हर्टर मिळतो. मोठ्या डिस्कसाठी तो १२ व्होल्टच्या अडॅप्टरसकटच घ्या, नुसत्या यूएसबीच्या विजेवर ती डिस्क फिरत नाही. डेटा उतरवा आणि तिला आराम द्या.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज देणारा डबा, जुना वापरू नका, हे वाद न घालता ऐका. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, चांगला ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. पण तो चांगलाच हवा. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत तर विचारायलाच नको, आणि त्यात जिनिंगच्या दिवसांत हवेत कापसाचा बारीक तूस. पुढे जाळी असलेलं, जाळी काढून झटकता येईल असं कॅबिनेट घ्या. काचेचं चकचकीत, पुढून बंद, दिवे लागणारं कॅबिनेट रीलमध्ये बरं दिसतं.

मॉनिटरबद्दल एवढंच: नव्या ग्राफिक्स कार्डाला व्हीजीए नसतं, डीव्हीआयही नाही. जुना व्हीजीए मॉनिटर ठेवायचा असेल तर आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, साधी केबल चालत नाही. डीव्हीडी रायटर बसवायला नव्या कॅबिनेटला बहुधा जागाच नसते. बाहेरून यूएसबीला लागणारा एक घेऊन ठेवा. खेड्यातली पार्टी अजून डीव्हीडी मागते.

फायरवायर

ऑनलाइन एक केबल दिसेल: एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याची छोटी चार पिनांची पिन. घेऊ नका. मी घेतली होती. दोन्ही बोलण्याच्या पद्धतीच वेगळ्या आहेत, नुसत्या तारा जोडून भाषांतर होत नाही. त्या केबलीने माझा काही बिघाड झाला नाही, पण डीव्ही कॅप्चरही झालं नाही. सध्या ती झेंडूच्या माळा बांधायला आहे.

लागतं ते कार्ड. मुंबईला लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मिळतं. कार्डावरची मोठी चिप बघा, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची असेल तर ते घ्या. बाकीच्याही चालतात, पण कॅमेऱ्यांशी याच चिपचं सर्वांत कमी भांडण होतं असा माझा अनुभव. मॅकवाल्यांना एक सांगतो: २०२५ च्या टाहो आवृत्तीपासून ॲपलने फायरवायर काढूनच टाकलं, त्यामुळे कॅप्चरचा जुना मॅक अपडेट करू नका.

कार्ड बसवण्याआधी अर्थिंग तपासा. हे वाक्य दोनदा वाचा. आपल्याकडे भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटात तिसऱ्या पिनेला वायरच नसते, असं निम्म्या दुकानांत दिसेल. तसं असलं की एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर शंभरेक व्होल्ट तरंगत राहतात. करंट नगण्य, म्हणून माणसाला नुसतं मुंगी चावल्यासारखं होतं. कॅबिनेटच्या स्क्रूला टेस्टर लावा, मिणमिणला की समजा. अशा पत्र्याला जोडलेली केबल तुम्ही कॅमेऱ्यात खुपसता, टोकाला बारीक ठिणगी उडते, आणि कॅमेऱ्याचा डीव्ही पोर्ट कायमचा जातो. कॅमेरा चालू, कॅसेट दिसते, आवाज येतो, फक्त मशीनला दिसत नाही. माझा पहिला हँडीकॅम असाच गेला, आणि मी वर्षभर केबलला दोष देत होतो.

दुसरा धोका मोठ्या, सहा पिनांच्या टोकाचा. त्यात वीजही येते. ते एका बाजूला निमुळतं असतं, पण कार्डाचं पत्र्याचं तोंड ढिलं झालं की उलटंही जातं. तसं झालं की वीज डेटाच्या तारांवर येते. अंधारात, टेबलाखाली हात घालून हे टोक कधीही लावू नका.

लावायचा क्रम: मशीन बंद, कॅमेरा बंद. आधी मशीनच्या बाजूचं टोक, मग कॅमेऱ्याचं. मशीन चालू करा. विंडोज पूर्ण उघडलं की कॅमेरा अडॅप्टरवर, 'व्हीसीआर' किंवा 'प्ले' वर चालू करा. 'टुंग' आवाज येऊन डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेरा दिसला पाहिजे.

नाही दिसला तर ड्रायव्हर. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने फायरवायरचा जुना, 'लेगसी' म्हणवला जाणारा ड्रायव्हर सोबत देणं बंद केलं आणि वेगळा डाउनलोडला ठेवला. सोबतच्या ड्रायव्हरने चाललं तर हात लावू नका. कॅमेरा दिसतो पण कॅप्चर मध्येच तुटतं, असं झालं तर तो लेगसी टाका. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, 'माझ्या कॉम्प्युटरवरून निवडू द्या', आणि यादीतून लेगसी लिहिलेला निवडा. मशीन पुन्हा चालू करा.

कॅप्चरसाठी विनडीव्ही नावाचं फुकटचं एवढंसं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या वाटेला दुसरं कुणी जात नाही म्हणून मला ते आवडतं. टाइप-२ एव्हीआय निवडा, ते सगळीकडे उघडतं. खाली 'ड्रॉप' झालेल्या फ्रेमांचा आकडा दिसतो, तो शून्य राहिला पाहिजे. कॅसेट आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे एकदा फिरवून घ्या, वर्षानुवर्षं पडून चिकटलेली असते. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, त्यात घाई चालत नाही, आणि तासाला १३ जीबी जागा जाते. शंभर कॅसेटी म्हणजे १.३ टीबी. डीव्हीच्या टेपवर शूटिंगची तारीख-वेळही नोंदलेली असते आणि विनडीव्ही ती फाइलच्या नावात टाकतं. कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल तर. आमच्याकडे निम्मी लग्नं नव्या वर्षाच्या मध्यरात्री लागलेली आहेत.

एचडीव्ही कॅसेट असेल तर विनडीव्ही चालणार नाही, त्यासाठी एचडीव्हीस्प्लिट. आणि सोनीच्या कॅमेऱ्यात 'आय-लिंक कन्व्ह' बंद आहे ना, ते मेनूत बघा. चालू राहिलं तर कॅमेरा एचडीव्हीचं डीव्ही करून बाहेर सोडतो आणि तुम्ही गुणवत्ता गमावता. हा बदल केबल काढून करायचा.

व्हीएचएससाठी स्वस्त यूएसबी काडी मिळते, पण लांब कॅप्चरमध्ये आवाज हळूहळू ओठांपासून सरकतो. एव्ही-इन असलेला मिनी डीव्ही कॅमेरा असेल तर व्हीसीआर त्यातून घालून फायरवायरने बाहेर काढा, चित्र आणि आवाज एकत्र राहतात.

विंडोज, आणि जुन्या मशीनचं काय करायचं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट आणि इंटेलच्या ८ व्या पिढीपासून किंवा रायझन २००० पासून पुढचा प्रोसेसर लागतो. नव्या मशीनवर ११ च येणार. त्यात दोन गोष्टी बघा. 'मेमरी इंटेग्रिटी' नावाची सुरक्षा जुने ड्रायव्हर अडवते. कार्ड किंवा डोंगल चालेना, तर कोण अडवतंय ते तिथे दिसेल. दुसरं, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होऊ शकते. ती किल्ली आजच वहीत उतरवा. उद्या बोर्ड बदलला तर तीच मागेल, आणि नसली तर डिस्कमधली सीझनभराची लग्नं गेली.

आता माझं सरळ मत. नव्या मशीनकडून सगळं करून घ्यायचा हट्ट धरू नका. जुनं मशीन धडधाकट असेल तर विकून मिळणार काय? ते कोपऱ्यात ठेवा, इंटरनेटची वायर काढून टाका, आणि त्याला फक्त कॅसेट मशीन करा. ज्याला इंटरनेटच नाही त्याला अपडेट नाही, अपडेट नाही म्हणजे आज चालतंय ते उद्याही चालणार. नव्या मशीनमधलं फायरवायर कार्ड हा दुसरा आधार, जुन्याचा बोर्ड कधीतरी जाणारच आहे म्हणून.

मग डेटा इकडून तिकडे कसा? जुन्यावर विंडोज ७ असेल तर दोन्हींच्या मध्ये लॅनची एक वायर टाका, १३ जीबी काही मिनिटांत येतात. एक्सपी असेल तर जमणार नाही. एक्सपी शेअरिंगची जी जुनी पद्धत वापरतो ती नव्या विंडोजमध्ये बंद असते, आणि ती उघडणं म्हणजे दार सताड ठेवण्यासारखं. तिथे पोर्टेबल हार्ड डिस्क वापरा. पण ४ टीबीची नको, २ टीबीपुढची डिस्क ३२ बिट एक्सपीला समजत नाही. १ टीबीची एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. एफएटी ३२ मध्ये ४ जीबीच्या पुढची फाइलच बसत नाही, आणि आपली कॅसेट १३ जीबीची.

टाइमलाइनवर

जुनं कॅसेटचं चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम दोन फील्डांत विणलेली. डीव्हीत खालचं फील्ड आधी, एचडीव्हीत वरचं. सॉफ्टवेअरला ते चुकीचं सांगितलं की नाचणारी माणसं थरथरतात. पद्धत अशी ठेवा: आधी पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीचा वेगळा प्रोजेक्ट करून त्यातच कटिंग करा, मग डीइंटरलेस (दोन फील्डांची वीण काढून सलग फ्रेम करणं), आणि मगच मोठं करून ४के किंवा एचडीच्या टाइमलाइनवर घ्या. मोठं करून नंतर डीइंटरलेस केलं तर कडांना कंगवा येतो आणि तो निघत नाही. ४:३ चं चित्र ताणून पडदाभर करू नका, आजोबा उगाच रुंद दिसतात. दोन बाजूंना त्याच चित्राचा धूसर पट्टा किंवा पार्टीच्या पत्रिकेची नक्षी टाका.

हे सगळं कधी करायचं? देवशयनी एकादशी ते तुळशीचं लग्न, या चार महिन्यांत. नवं मशीन आलं की पहिल्या आठवड्यात एक खरं, जुनं लग्न त्यावर पूर्ण करून बघा: कॅसेट कॅप्चर, जुना प्रोजेक्ट, मराठी टायटल, ४के शूट, रेंडर (तयार फाइल काढणं), पेनड्राइव्ह, डीव्हीडी. दुकानदाराने दोन गेम चालवून दाखवले म्हणजे तपासणी झाली, असं समजू नका. रेंडर दुपारी दोनला लावा, रात्री नाही. मशीन तापून बंद पडायचं असेल तर ते दुपारीच पडतं. आणि रेंडर चालू असताना यूपीएसची मेन पिन काढून बघा. जुन्या मशीनला पुरणारा ६०० व्हीएचा यूपीएस नव्याला पुरेलच असं नाही, लाइट गेल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

जावळाच्या त्या चार कॅसेटींपैकी तीन पहाटेपर्यंत निघाल्या आणि रिसेप्शनला दाखवल्या. चौथी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ती माझी नाही, नवरदेवाच्या मामांनी त्यांच्या हँडीकॅमवर एलपीत चढवलेली. एमडीत घातली की चित्राचे चौकोन पडतात आणि आवाज तुटतो. आजोबा त्याला मांडीवर घेऊन बसलेत तो भाग नेमका त्यात आहे. मामा आता सुरतला उधन्यात राहतात. कॅमेरा माळ्यावर आहे म्हणाले, दिवाळीला येताना घेऊन या म्हटलं, चार्जरसकट.